घरटी एक

आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाला कुठल्याही कारणासाठी चालायला आवडतं. पर्यावरणासाठी चालून झालं, मतदानासाठी चालून झालं, एकदा तर ज्वारी-बाजरीच्या प्रचारासाठी चाललो आणि शेवटी मैद्याचे समोसे खाल्ले. त्या वर्षी आम्ही स्तनाच्या कॅन्सरच्या जनजागृतीसाठी पाम बीच रोडवर चाललो. गुलाबी टी-शर्ट सगळ्यांना एकाच मापाचे आले होते, त्यामुळे निम्म्या बायका श्वास रोखून चालत होत्या.

मंडळाची सेक्रेटरी मी. घोषणा मी लिहिल्या होत्या. माइकवरही मीच बोलले, ‘लाजू नका, लपवू नका, वेळेत तपासून घ्या.’ टाळ्या पडल्या. त्या वेळी माझ्या डाव्या काखेखाली वाटाण्याएवढी एक गाठ होती, ती मला महिनाभर ठाऊक होती आणि मी ती घरात कुणालाही सांगितलेली नव्हती.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी दुसऱ्यांच्या तोंडावर इतक्यांदा फेकली आहे, की स्वतःवर आली तेव्हा लाज वाटण्याऐवजी रागच आला. माझे वडील साताऱ्याकडून इथे आले, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून गोण्या उचलल्या. माझ्या आईने तिची गाठ वर्षभर लपवली, कारण आमच्या परीक्षा होत्या. परीक्षा संपल्या, आम्ही पास झालो, आणि तोवर डॉक्टर वडिलांना बाहेर बोलावून बोलायला लागले होते. म्हणजे खरं तर मी सगळ्यांत आधी पळायला हवं होतं. पण मला त्या बाहेर बोलावण्याचीच भीती वाटत होती. नाव घेतलं नाही तर दुखणं नसतं, असं काहीतरी मी मनाशी धरून बसले होते.

नवऱ्याला सांगावं, तर तो फार साधा माणूस. निवृत्त झाल्यापासून त्याचे दोन उद्योग, लसूण सोलणं आणि कागद लावून ठेवणं. घराचा करारनामा, विजेची बिलं, आमच्या लग्नाची पत्रिका, सगळं एका निळ्या फाईलीत असतं आणि ती फाईल कपाटाच्या वरच्या कप्प्यात. सभा, मोर्चा, शिबिर, हळदीकुंकू, कशालाच तो येत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेलाही मीच जाते आणि भांडून येते. त्याला सांगितलं असतं तर तो काहीच बोलला नसता, नुसता माझ्याकडे बघत राहिला असता. ते मला सोसलं नसतं.

तर त्या चालण्यातून जमलेली देणगी आम्ही एका संस्थेला दिली. ती संस्था तपासणीची गाडी ठिकठिकाणी पाठवते. आत डॉक्टर, मशीन, पडदा, सगळी सोय. त्यांनी विचारलं, गाडी कुठे उभी करू? मंडळाच्या बैठकीत सगळ्यांचं एकमत. सोसायटीच्या गेटात नको, बाल्कनीतून सगळ्या विंगा बघणार. तेव्हा मी म्हणाले, ‘आपल्याला कशाला? समोर सारसोळे गावात नेऊ. तिथल्या बायकांना खरी गरज आहे.’

केवढा परोपकार. खरं कारण वेगळं होतं. गावात मला फारसं कोणी ओळखत नाही, पन्नास बायकांच्या गर्दीत एक्कावन्नावी म्हणून मी गुपचूप आत शिरणार आणि बाहेर येणार. मंडळाला कळणार नाही, घरी कळणार नाही. माझ्या एका गाठीसाठी मी अख्खं शिबिर उभं करत होते.

गावात माझ्या ओळखीची एकच बाई. तिच्याकडून मी बावीस वर्षं मासे घेते. मी तिला मावशी म्हणते, ती मला बाय म्हणते. लग्नाआधी मला बांगडा आणि बोंबील यांतला फरक कळत नव्हता, तिनेच तो मला शिकवला, भर बाजारात ओरडून. पुढेही शिकवत राहिली. सुरमईचा कान उघडून बघायचा, कोळंबी दाबून बघायची, आणि भाव करताना नवऱ्याला बरोबर आणायचं नाही.

मी तिला म्हटलं, “मावशी, तुमच्या गावात बायकांसाठी तपासणीची गाडी आणायची आहे. पैसे लागणार नाहीत. तुम्ही सगळ्यांना सांगाल का?”

“कसली तपासनी?”

मी छातीकडे हात केला. तिने कोयता खाली ठेवला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

“कोनासाठी?”

“सगळ्यांसाठी.”

“बरा,” ती म्हणाली. “पन गावान काय करायचा तं पयला गावकीला सांगावा लागतं. मी सांगतंय. तू कागद चिकटवू नको. कागद कोन वाचतंय?”

माझा स्वभाव असा, की कोणी नको म्हटलं की मी ते आधी करते. मी पत्रकं छापली, गुलाबी, वर फुलाचं चित्र. गावात जाऊन वाटली. चौथ्या दिवशी मावशीच्या शेजारच्या बाईने मला सुका जवळा त्याच पत्रकात बांधून दिला.

मग मी गप्प बसले आणि गावकीवर सोडलं. गावकी म्हणजे गावाचा कारभार बघणारी माणसं. देऊळ, पालखी, भांडणं, सगळं त्यांच्याकडे. मावशी अध्यक्षांना भेटून आली आणि म्हणाली, “झाला काम. आयतवारी रिक्षा फिरंल.” मला हायसं वाटलं. गाडी सोमवारी सकाळी यायची होती, दुपारी दीडला तिला परत निघायचं होतं.

सोमवारी साडेनऊला मी देवळाशेजारच्या मांडवात पोचले. गाडी उभी होती, तरुण डॉक्टरीणबाई गुलाबी एप्रन घालून पायरीवर बसल्या होत्या. मी टेबल मांडलं, वही उघडली, पेनं ठेवली. दहाच्या ठोक्याला माणसं यायला लागली.

सगळे पुरुष.

एक आला, मला वाटलं देवळात आला असेल. मग चार आले. मग बुलेटवरून दोघे आले. पांढरे शर्ट, गळ्यात साखळ्या, डोळ्यांवर चष्मे, दोन-तीन म्हातारे काठी टेकत. अर्ध्या तासात मांडव भरला आणि त्यात एकही बाई नव्हती. आणखी एक गोष्ट म्हणजे प्रत्येकाच्या हातात फाईल होती. कोणाची प्लास्टिकच्या पिशवीत, कोणाची कापडात गुंडाळलेली, एका म्हाताऱ्याने तर सातबारा लॅमिनेट करून आणला होता. पुढच्या रांगेतला एकजण मला अदबीने म्हणाला, “मॅडम, मोठे सायेब कदी येतान?”

मी अध्यक्षांना गाठलं. सत्तरीचे, उंच, कपाळाला गंध, कधीकाळी मिठागरात आणि शेतात राबलेले, आता चार मजली इमारतीचे मालक. त्यांनी रिक्षातून स्वतः पुकारा केला होता. काय पुकारलं, ते त्यांनी मला पुन्हा म्हणून दाखवलं.

“उद्या सकाळचे धा वाजता, देवलाच्या मांडवान, घरटी एक मानूस हजर र्‍हावा. महत्त्वाचा काम हाय. माघारी कोनी बोलायचा नाय का आमाला सांगला नवता.”

“अहो, पण कशासाठी ते?”

ते खाली बघू लागले. “त्याचा नाव माइकवर कसा घेनार, बाई? देवलासमोर?”

मग सगळं माझ्या ध्यानात आलं. या गावांत गावकीने घरटी एक बोलावलं की घरातला कर्ता पुरुष जातो, तो ऐकतो आणि मग घराला सांगतो. त्यांच्या हिशेबी काहीच चुकलं नव्हतं. आणि फाईल यासाठी, की गेली कित्येक वर्षं घरटी एक बोलावणं आलं ते जमिनीसाठीच आलं. शहरासाठी शेती गेली, त्या बदल्यात प्लॉट, प्लॉटचे कागद, कागदांवर सह्या. महत्त्वाचं काम म्हटल्यावर इथल्या माणसाचा हात आपोआप कपाटाकडे जातो.

माझं डोकं मात्र सणकून तापलं. मी त्यांना म्हणाले, “दादा, हे आता घरी जाणार, जेवणार, झोपणार आणि संध्याकाळी बायकोला सांगणार. गाडी दीडला जाते.” माझा आवाज चढला होता. डॉक्टरीणबाई पायरीवरून उठून उभ्या राहिल्या. मला रडू येत होतं, आणि ते गावातल्या बायकांसाठी नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा एवढं धाडस जमवलं होतं आणि मला लपायला एकही बाई मिळत नव्हती.

अध्यक्षांनी मांडवाकडे पाहिलं. मग ते माझ्या टेबलापाशी आले, वही बाजूला सारली आणि वळून म्हणाले, “फायली इथं ठेवा.”

सगळ्यांनी फायली छातीशी धरल्या.

“समद्यांनी ठेवा. आनि घरी फोन लावा. ज्याची बाई येल, तपासून भायेर येल, तिच्या हातान फाईल भेटंल. तवर कोनी उठायचा नाय.”

“आनि काय तपासनार?” मागून कोणीतरी विचारलं.

तेव्हा डॉक्टरीणबाई पुढे आल्या. पंचविशीतली मुलगी असेल, पण अजिबात न अडखळता तिने सरळ सांगितलं. कुठे होतो, कसा कळतो, लवकर कळला तर काय होतं, उशिरा कळला तर काय होतं. चाळीस-पन्नास बाप्ये मान खाली घालून ऐकत होते. शाळेत मार खाताना पोरं उभी राहतात तसे बसले होते सगळे. लॅमिनेटवाले म्हातारे पहिले उठले. त्यांनी सातबारा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “माजी गेली याच्यान. आमाला कलला नाय. सुनंला बोलवतंय.”

मग फायलींचा ढीग झाला. ती फाईल म्हणजे त्या घराचा जीव. ती घराबाहेर, एका अनोळखी बाईच्या टेबलावर पडली आहे म्हटल्यावर बायका पंधरा मिनिटांत आल्या. कोणाच्या हाताला तांदळाचं पीठ, कोणाच्या डोक्याला मेंदी, एक तर फोनवर नवऱ्याला शिव्या घालत आली आणि समोर पोचल्यावरही फोनवरच घालत राहिली. पहिली बाई गाडीच्या पायरीशी थबकली. मांडवातले सगळे पुरुष समोर बघत बसले होते. अध्यक्षांनी नुसतं म्हटलं, “खुर्च्या फिरवा.” खर्र खर्र आवाज करत सगळ्यांनी खुर्च्या देवळाकडे फिरवल्या आणि गाडीकडे पाठी केल्या. ते दृश्य आठवलं की मला अजून त्या माणसांवर माया येते.

एका घरची सासू आणि सून दोघी आल्या आणि फाईल कोणाच्या हातात द्यायची यावरून त्यांचं जुंपलं. मी म्हटलं, दोघी आत जा, जी आधी बाहेर येईल तिची. दोघी इतक्या घाईने चढल्या की पडदा खाली आला. बाराच्या सुमारास रांग हसायला लागली होती. आत काय होतं ते बाहेर येणारी सांगे आणि पुढची लाजे. ढीग कमी होत होता.

आणि मी काय करत होते? फायली सांभाळत होते. माझ्याशिवाय टेबल कोण बघणार? आधी बायका नव्हत्या म्हणून मला जाता येत नव्हतं, आता बायका होत्या म्हणून जाता येत नव्हतं. पाऊण वाजला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अजून तीनच होतील हां ताई.” मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात मावशी आली. बाजार उरकून, डोक्यावर रिकामी पाटी, पाटीत प्लास्टिकच्या पिशवीत फाईल. तिचा नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली. गावकीत तिच्या घरचं एक माणूस म्हणून तीच बसते, पुरुषांच्या मागे, भिंतीला टेकून. तिने फाईल टेबलावर ठेवली, गाडीत गेली, थोड्या वेळाने खाली आली. मी तिची फाईल पुढे केली. तिने हात लावला नाही.

“र्‍हाव दे. ती तुज्या नावाची ठेवलीय.”

“म्हणजे?”

“तू गावची नाय. तुजा कागद नाय. म्हनून माजा ठेवला. तू जाऊन ये, मंग मी उचलंल.”

मी म्हणाले, मला काही झालेलं नाही. बाकीच्या दोन जागा दुसऱ्या कोणाला द्या. टेबल सोडून कशी जाऊ. तिने मला बोलू दिलं. मग पाटी उलटी घालून तिच्यावर बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “चार म्हयने बगतंय. पैशे काडताना तुजा हात काखंत जातंय. पयले पिशवी डाव्या हातान घ्यायचीस, आता उजव्या हातान घेतंस. माझ्याशी म्हावऱ्याचा भाव करायची इसरलीस, बाय. मना तवाच कलला.”

चार महिने माझ्या घरात, माझ्या मंडळात, माझ्या नवऱ्याला जे दिसलं नाही ते त्या बाईला मासे कापता कापता दिसलं होतं. आणि ती मला काही विचारायला आली नव्हती. मी गाडी आणते म्हटल्यावर तिने फक्त गाव गोळा करून दिलं होतं.

मी वही तिच्यापुढे ठेवली. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण तिने वही मांडीवर घेतली आणि फाईलीवर हात ठेवून बसली. पुरुषांच्या पाठी होत्या तशाच. मी चार पायऱ्या चढले.

डॉक्टरीणबाईंचा हात त्या जागी थांबला. “किती दिवस झाले, ताई?”

मी खरं सांगितलं. चार महिने. ते शब्द मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले आणि मग मला रडू आवरेना. त्या मुलीने मला रडू दिलं. मग मशीन झालं, चिठ्ठी झाली, पुढे कुठे जायचं ते सांगून झालं. मी खाली उतरले. टेबलावर एकच फाईल होती. ती उचलून मी मावशीच्या हातात दिली. तिने ती कमरेला खोचली आणि म्हणाली, “आता घरी सांग.”

घरी नवरा लसूण सोलत होता. मी सांगितलं. तो उठला, गॅस बंद केला, परत येऊन बसला आणि सोललेल्या पाकळ्या एकेक करून वाटीत लावू लागला. मग म्हणाला, “ताकाला जाऊन भांडं लपवलंस तू. तेही इतकं मोठं.” आणि मग तो रडला. बावीस वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

गाठ तीच होती, जिची भीती होती. पण लहान होती आणि पसरलेली नव्हती. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले, केस गेले, केस आले. त्या दिवसांत मला कशाचाही वास सहन होत नव्हता, तर मावशी दारात येऊन बाहेरच बसायची, मासे न आणता, हात लिंबाने धुऊन. मला चिडवायची की आता माझा भाव करायला कोणी नाही, धंद्यात मजा नाही. आठ महिन्यांनी मी तिच्याशी पापलेटवरून भांडले, तेव्हा तिने शेजारणींना ओरडून सांगितलं की बाय बरी झाली.

यंदा गावाने गाडी स्वतःच बोलावली. शेजारच्या करावे गावच्या लोकांनीही मागितली आहे म्हणे. मला दर वर्षी तपासणी करायची आहे, आणि खोटं कशाला बोलू, मी पुन्हा टाळायलाच बघते. आठवडाभर मी घरात कारणं शोधत होते. या वर्षी नको, पाय दुखतो, मंडळाचं काम आहे. नवरा ऐकून घेत होता.

रविवारी संध्याकाळी रिक्षा फिरली. गावात फिरून ती रस्ता ओलांडून आमच्या सेक्टरात आली आणि आमच्या बिल्डिंगखाली थांबली. अध्यक्षांचाच आवाज. यंदा त्यांनी माइकवर नावही घेतलं होतं, जरा खाकरून, पण घेतलं. शेवटी तेच जुनं वाक्य, घरटी एक मानूस हजर र्‍हावा, माघारी कोनी बोलायचा नाय. माझ्या वडिलांचं गाव साताऱ्याकडे राहिलं आणि इथे आम्ही कायम फ्लॅट नंबर राहिलो. आम्हाला कोणी घर म्हणून मोजलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

सोमवारी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर कपाट उघडं होतं. नवरा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात चपला घालत होता आणि त्याच्या बगलेत ती निळी फाईल होती.

“कुठे निघालात?”

“घरटी एक म्हणालेत ना,” तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

मी खिडकीतून पाहिलं. कधी कुठल्या सभेला न गेलेला माझा नवरा रस्ता ओलांडून मांडवात गेला, फाईल टेबलावर ठेवली आणि त्या सगळ्या माणसांच्या शेवटच्या रांगेत, गाडीकडे पाठ करून बसला. मी केस बांधले, घराला कुलूप लावलं आणि आमची फाईल आणायला गेले.